३०० ओहमचा बागुलबुवा

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न, "ओपन-बॅक घेतोय, ॲम्प कुठला घेऊ?" ओपन-बॅक म्हणजे पाठीमागे नुसती जाळी असलेला हेडफोन, आणि ॲम्प म्हणजे त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर. हेडफोन कुठला ते अजून ठरलेलं नाही पण ॲम्पपायी झोप उडालेली, म्हणजे बाजारात तुरी तसलाच प्रकार. त्यातली सहा पत्रं घेतोय. पहिल्याच उत्तरात थोडं गणित आहे, ते टाळून पुढे जाऊ नका कारण बाकीची उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : तीन वर्षं इअरफोनवर काढली, आता शांत खोलीत बसून ऐकायला ओपन-बॅक घ्यायचाय. सेन्हायझर एचडी ६५० आणि हायफायमॅन सुंदारा या दोघांत अडकलोय. सगळे म्हणतात ६५० तीनशे ओहमचा आहे, तगडा ॲम्प नसेल तर हात लावू नकोस, सुंदारा ३७ ओहमचा म्हणून फोनवरही पळेल. माझ्याकडे लॅपटॉप आणि एक साधा यूएसबी-सी डोंगल (हेडफोन लावायची छोटी जोडणी) आहे. ६५० खरंच चालणार नाही का?

चालेल. आणि गंमत म्हणजे ज्याला सगळे "सोपा" म्हणतायत तो सुंदाराच ॲम्पकडे जास्त पॉवर मागतो.

ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा. तो जास्त म्हणजे हेडफोन चालवायला अवघड, हे अर्धवट ऐकलेलं ज्ञान आहे. ओहम फक्त एवढंच सांगतो की हेडफोनला काय जास्त लागणार, व्होल्टेज की करंट. पाण्याच्या पंपाचं उदाहरण घ्या, एकाला चौथ्या मजल्यावरच्या टाकीत बारीक धार चढवायचीय आणि दुसऱ्याला तळमजल्यावरच पण ढीगभर पाणी हवंय, आता यातलं अवघड काम कुठलं? ते पंप कसला आहे त्यावर ठरतं. तीनशे ओहमवाला चौथ्या मजल्यावर राहतो, त्याला दाब म्हणजे व्होल्टेज लागतो पण धार अगदी बारीक पुरते. ३७ ओहमवाला तळमजल्यावर, दाब कमी चालतो पण धार मोठी पाहिजे.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे दिलेल्या विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो त्याचा, आणि इथेच भले भले फसतात कारण कंपन्या हा आकडा दोन वेगवेगळ्या मापांत छापतात. कोणी १ मिलीवॉट दिला तर किती डेसिबल ते लिहितं, कोणी १ व्होल्ट दिला तर किती ते. ६५० चा आकडा १०३ आहे पण तो १ व्होल्टला. सुंदाराचा ९४, तो १ मिलीवॉटला. दोन्ही शेजारी ठेवून "१०३ मोठा" म्हणणं म्हणजे मीटर आणि फूट एकाच रकान्यात लिहून बेरीज करणं. एका मापात आणलं की चित्र असं दिसतं : १ व्होल्टवर ६५० देतो १०३ डेसिबल आणि सुंदारा साधारण १०८. म्हणजे एकाच डोंगलवर, व्हॉल्यूम तेवढाच ठेवून, सुंदारा पाचेक डेसिबल मोठा वाजणार आणि ऐकणारा लगेच म्हणणार बघा, हा फोनवर पळतो. पण त्या १ व्होल्टला ६५० जेमतेम ३.३ मिलीअँपिअर खेचतो आणि सुंदारा २७. आठपट!

आता सगळ्यात वाईट वेळ धरू. ऑर्केस्ट्रात सगळे एकदम उठले आणि क्षणभर ११० डेसिबलपर्यंत गेलं, तर ६५० ला लागतात सव्वादोन व्होल्ट आणि १७ मिलीवॉट, सुंदाराला सव्वा व्होल्ट आणि ४० मिलीवॉट. चांगला डोंगल साधारण १ व्होल्ट देतो. म्हणजे दोघंही रोजच्या ऐकण्याला आरामात चालतात, ६५० वर फक्त हळू आवाजात रेकॉर्ड केलेल्या शास्त्रीय मैफिली किंवा जुन्या ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगला व्हॉल्यूम शेवटापर्यंत गेला तरी "अजून थोडा हवा होता" असं वाटू शकतं. तसं वाटलं तर दोन-तीन व्होल्ट देणारा कुठलाही साधा डेस्कटॉप ॲम्प घ्या, विषय संपला. आणि एक, ११० हा आकडा मी क्षणभराच्या शिखरासाठी धरलाय, ऐकायची पातळी म्हणून नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते, आणि त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते.

खरा हट्टी हेडफोन बघायचा असेल तर हायफायमॅनचाच एचई-६ बघा. ५० ओहम, ऐकायला किती गरीब आकडा वाटतो, पण सेन्सिटिव्हिटी फक्त ८३.५. त्याच ११० डेसिबलला पावणेपाच व्होल्ट आणि जवळजवळ अर्धा वॉट! लोक त्याला स्पीकरचे ॲम्प लावायचे ते उगाच नाही. आणि तीनशेला घाबरणाऱ्यांसाठी अजून एक, १९६८ साली सेन्हायझरने जो पहिला ओपन हेडफोन काढला, पिवळ्या स्पंजचा एचडी ४१४, तो २००० ओहमचा होता, आणि तरी दणकून खपला.

मग घ्यायचा कुठला? हे ॲम्पवर नाही, कानावर ठरवा. ६५० ची जान मिड्समधे, म्हणजे मधल्या सुरांत, आहे. गाणाऱ्याचा गळा, सारंगी, चेलो, हे असं ऐकू येतं की कोणी खोलीतच बसलंय. वरचा भाग मऊ आहे, तासन् तास ऐका, कान दुखत नाही. पण अगदी खालचा बेस, चाळीस हर्ट्झच्या आसपासचा, तो हळूच काढता पाय घेतो, आणि स्टेज लहान, सगळे कलाकार तुमच्या डोक्याजवळ दाटीवाटीने बसल्यासारखे. सुंदारा प्लेनर आहे, म्हणजे त्यातला आवाज काढणारा पडदा पातळ आणि सपाट, त्याचा बेस तळापर्यंत सरळ जातो आणि डग्ग्याची घुमक किंवा इलेक्ट्रॉनिक संगीतातला सिंथ बेस सुटा सुटा कळतो, तपशील जास्त, पण वरचा भाग थोडा उजळ आणि वजन ३७० ग्रॅमच्या वर, ६५० त्यापेक्षा शंभरेक ग्रॅमने हलका. नवा ६५० मात्र डोकं चांगलंच आवळतो, पहिले काही आठवडे कानशिलं धरतात. तुम्ही गळ्यासाठी ऐकत असाल तर ६५०, तालासाठी ऐकत असाल तर सुंदारा. मला विचाराल तर मी ६५० वाला आहे, पण माझं ऐकणं नव्वद टक्के गळ्याचंच आहे, हे लक्षात ठेवून माझं मत मोजा.

प्रश्न : ॲपलचा यूएसबी-सी डोंगल चांगला म्हणून घेतला, लॅपटॉपवर मस्त चालतो, अँड्रॉइड फोनवर मात्र आवाज अगदी दबका. डोंगल खराब आहे का?

नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर या डोंगलच्या आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडलाच जात नाही, मग फोनचं बटण शेवटापर्यंत दाबून काही होत नाही. यूएसबी डॅकशी (डोंगलमधल्या, डिजिटल सिग्नलचा आवाज करणाऱ्या चिपशी) थेट बोलणारं एखादं प्लेयर ॲप वापरून बघा, नाहीतर फोनसाठी वेगळा डोंगल ठेवा. आणि याची युरोपात विकली जाणारी आवृत्ती मुळातच निम्म्या व्होल्टेजची आहे, वापरलेला घेताना तेवढं विचारून घ्या.

प्रश्न : मित्राकडे ट्यूब (व्हॅक्यूम नळ्यांचा) ॲम्प आहे, ओटीएल प्रकारचा. त्याच्यावर माझा एचडी ६०० लावला आणि वेडा झालो, आवाज भरीव, गोड. मग हौसेने माझा दुसरा, ३२ ओहमचा ओपन-बॅक लावला तर बेस नुसता भोंगळ, सगळ्यावर गोधडी टाकल्यासारखा. एकच ॲम्प, एकच गाणं. घोडं कुठे पेंड खातंय?

आउटपुट इम्पीडन्समधे. प्रत्येक ॲम्पच्या पोटात एक अडथळा असतो आणि तो हेडफोनच्या रांगेत उभा असतो. नेहमीच्या सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरवाल्या) ॲम्पमधे तो एक ओहमच्या आत, म्हणजे नसल्यात जमा. ओटीएलमधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो त्यामुळे तो सहज शंभर-सव्वाशे ओहमपर्यंत जातो. सिग्नल या अडथळ्यात आणि हेडफोनमधे वाटला जातो, ज्याचे ओहम जास्त त्याला वाटा मोठा.

इथपर्यंत ठीक, फक्त आवाज कमी झाला असता. पण डायनॅमिक, म्हणजे कॉइलने पडदा हालवणाऱ्या, हेडफोनचे ओहम सगळीकडे सारखे नसतात, खोक्यावर छापलेला आकडा हा आपला बोलायला. ६०० आणि ६५० ला शंभर हर्ट्झच्या आसपास, जिथे ड्रायव्हरचा (आवाज काढणाऱ्या भागाचा) स्वतःचा झोका असतो तिथे, तीनशेचे जवळपास पाचशे होतात. तिथे हेडफोनला वाटा थोडा जास्त मिळतो. १२० ओहमचा ॲम्प धरला तर हिशोब येतो साधारण १ डेसिबलचा. म्हणजे वरच्या बेसला एका डेसिबलची हलकी उशी, आणि ६०० सारख्या सरळमार्गी हेडफोनला ती उशी छान मानवते. तुमचा "गोडवा" बराचसा हाच, बाकी ट्यूबच्या डिस्टॉर्शनचा थोडा मसाला.

आता ३२ ओहमवाला. समजा बेसमधे त्याचे ६४ होतात. तोच १२० चा ॲम्प, पण आता बेसला मिळतं सव्वाचार डेसिबल जास्त! हे काही उशी वगैरे नाही, गादी झाली. शिवाय ॲम्प जो एरवी ड्रायव्हरच्या झोक्याला लगाम घालतो तो लगामही इथे सैल, म्हणून बेस थांबायच्या वेळी थांबत नाही, भोंगळ वाटतो. तुमचे कान बरोबर आहेत, दोन्ही वेळा.

साधा नियम असा की ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याच्या आत ठेवा. ३२ ओहमला ४, तीनशेला ३७ पर्यंत चालेल. नियम मोडायचाच असेल तर जास्त ओहमच्या हेडफोनवर मोडा आणि आपण जाणूनबुजून रंग चढवतोय हे माहीत असू द्या. प्लेनर यातून सुटतात, त्यांचे ओहम वरपासून खालपर्यंत जवळजवळ सपाट, त्यामुळे टोन बदलत नाही, पण ओटीएलवर त्यांना करंट मिळत नाही म्हणून तिथे त्यांचंही काम नाही. मित्राचा ॲम्प आवडला म्हणून तसलाच घ्यायला निघाला असाल तर आधी ठरवा, पुढची पाच वर्षं ६०० च ऐकणार आहात का?

प्रश्न : दादा, मी हॉस्टेलला आहे, बायरडायनॅमिक डीटी ९९० घ्यायचाय. ३२, २५० आणि ६०० ओहम असे तीन दिसतात, कुठला घेऊ? रूममेट रात्री लवकर झोपतो एवढीच अडचण.

अरे, एवढीच म्हणतोस ती अडचण सगळ्यात मोठी आहे. ओपन-बॅक म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागे नुसती जाळी. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे कानाला भिंतच नाही. तू जे ऐकशील ते शेजारच्या कॉटवर बारीक आवाजात पण अगदी स्पष्ट ऐकू जाणार, आणि रूममेटचं घोरणं तुला. शांत गाण्यात तर घोरणंच जिंकेल. क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद असलेला, घे, बायरचाच डीटी ७७० आहे.

पुढे स्वतःची खोली झाली की ९९० चा विचार कर, तेव्हा साध्या ॲम्पबरोबर २५० वाला. ६०० च्या कॉइलची तार केसासारखी बारीक, हालणारा भाग हलका, म्हणून त्याची तारीफ होते, पण त्या फरकासाठी जीव टाकावा असं मला कधी वाटलं नाही. मात्र ९९० चा ट्रेबल टोकदार आहे बरं, झांजा आणि "स", "श" कानात टोचू शकतात, घ्यायच्या आधी एकदा ऐकच.

प्रश्न : एकेजी के७०२ साध्या ॲम्पवर ऐकत होतो. आता चौपट महाग ॲम्प घेतला. स्टेज रुंद झालं, बेस भरला, पडदा दूर झाल्यासारखं वाटतंय. पण भाऊ म्हणतो काही फरक नाही, मनाचे खेळ. आणि जुन्यावर नॉब निम्मा फिरवावा लागायचा, नव्यावर नॉब घड्याळातल्या नऊच्या जागी आला की कान फाटतात, म्हणजे दम जास्त आहेच ना?

आधी नॉबचं. नॉब नऊला असताना आवाज मोठा, याला दम नाही गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवतो ते, म्हणतात. स्कूटरचा ॲक्सिलरेटर थोडा पिळला की उडी मारते म्हणून काय तिचं इंजिन मोठं होत नाही. उलट गेन फार असला की तुम्ही पॉटच्या (नॉबमागच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) अगदी सुरुवातीच्या भागात अडकता, आणि तिथे बऱ्याच पॉटमधे डावा-उजवा सारखा नसतो, गायक मधे न बसता एका बाजूला सरकतो. मागे लो गेनचा स्विच असेल तर तो टाका आणि निवांत नॉब फिरवा. के७०२ ला ६२ ओहम आणि १ व्होल्टला १०५ डेसिबल, तुमच्या जुन्या ॲम्पवर तो उपाशी होता असं मला वाटत नाही.

आता पडदा दूर झाल्याचं. मी यात स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन ॲम्प होते, एक जुना आणि एक मोठ्या हौसेने आणलेला. नवा प्रत्येक वेळी सरस वाटायचा, पडदा, श्वास, तानपुऱ्याच्या तारेचं झणझणणं, सगळी विशेषणं मी त्याला वाहून टाकली होती. एका रविवारी मित्राने मल्टिमीटर आणला. २०० हर्ट्झचा साधा टोन लावला, हेडफोन जोडलेलाच ठेवून स्प्लिटरच्या दुसऱ्या टोकाला सुया टेकवल्या आणि म्हणाला, तुझ्या कानाने दोन्ही सारखे लाव. मी लावले, डोळे मिटून, अगदी मन लावून. जुना ०.५० व्होल्ट. नवा ०.५५. म्हणजे मी "सारखा" म्हणून लावलेला नवा ॲम्प पाऊण डेसिबलहून थोडा जास्तच मोठा वाजत होता. एवढा फरक "मोठा आवाज" म्हणून कळत नाही, तो "चांगला आवाज" म्हणून कळतो, हीच तर सगळी गोम आहे. मग मीटर बघून दोन्ही ०.५० वर आणले, मी पाठ करून बसलो, मित्र वायर बदलत राहिला. बारा वेळा विचारलं, सात बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी सहा आलेच असते. त्या दिवसापासून कानाला खडा लावला, आवाज मीटरने मिळवल्याशिवाय ॲम्पबद्दल बोलायचं नाही.

बॅलन्स्ड, म्हणजे दोन्ही कानांना स्वतंत्र तारांची जोडी देणाऱ्या, आउटपुटचंही हेच, त्याबद्दल दोन पत्रं वेगळी आलीत त्यांनाही हे उत्तर समजा. फोर-पिन एक्सएलआर किंवा ४.४ मिलीमीटरमधे लावलं की बऱ्याच ॲम्पवर व्होल्टेज दुप्पट मिळतं, म्हणजे नॉब तिथेच ठेवून सहा डेसिबल जास्त! मग पडदा कशाला, भिंतच पडल्यासारखी वाटणार. एचई-६ सारख्याला ते जास्तीचं व्होल्टेज खरंच उपयोगी पडतं, के७०२ ला नाही.

म्हणून भाऊ बरोबर की तुम्ही, हे मी इथे बसून ठरवत नाही. मल्टिमीटर आणा, भावालाच वायर बदलायला बसवा. बारापैकी दहा-अकरा बरोबर आले तर मला लिहा आणि भावालाही ऐकवा. नाही आले तर ॲम्प परत करण्याची मुदत संपायच्या आत काय ते बघा, आणि के७०२ चा बेस कमी वाटत असेल तर इक्वलायझरमधे खाली तीन डेसिबल चढवा. त्याने जो फरक पडेल तो पाठ करून बसलात तरी ऐकू येईल.

प्रश्न : पाच वर्षं जुना ओपन-बॅक आहे, हल्ली डाव्या बाजूला खालच्या सुरांवर घर्रर्र असा आवाज येतो. आवाज वाढवला की जास्त. ॲम्प कमी पडतोय, क्लिप होतोय म्हणजे लाटेचा माथा कापला जातोय, असं दुकानदार म्हणाला आणि मोठा ॲम्प सुचवला. घेऊ का?

थांबा. ॲम्प क्लिप झाला तर सहसा दोन्ही बाजूंना होतो, आणि सगळ्यात आधी मोठ्या आवाजाच्या जागी, नुसत्या खालच्या सुरांवर नाही. एकाच कानात, बेसलाच घर्रर्र, हे ऐकून मला ॲम्प आठवतच नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं या छंदात सगळ्याचं खापर ॲम्पवर फुटतं.

तुमच्या हेडफोनची वायर दोन्ही कपांतून वेगवेगळी निघत असेल तर काम सोपं. डावी उजवीकडे लावा, उजवी डावीकडे, पिना जाड-बारीक असतील तर नीट बघून, जबरदस्ती न करता. घर्रर्र दुसऱ्या कानात गेलं तर दोष वायर, ॲम्प किंवा सोर्सकडे. डाव्या कपातच राहिलं तर दोष कपात, आणि मग जगातला कुठलाही ॲम्प आणा, तो राहणारच. वायर निघत नसेल तर हेडफोन सरळ दुसऱ्या फोनला लावून बघा.

कपातच असेल तर दिव्याखाली बसा. इअरपॅड ओढून काढा, बहुतेक नुसते खाचेत अडकवलेले असतात. आत फोमची पातळ चकती असते, ती उचला. माझ्या एका हेडफोनला हेच झालं होतं, मी आठवडाभर ॲम्प, वायर, फाइल सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आणि चकती उचलली तर ड्रायव्हरच्या जाळीतून एक केस आत गेलेला, त्याचं टोक डायफ्रॅमला, म्हणजे हालणाऱ्या पडद्याला, टेकलेलं. बेसला डायफ्रॅम जास्त हालतो म्हणून तेव्हाच घर्रर्र. चिमट्याने बाहेरचं टोक धरून हळू ओढला. फुंकर मारू नका आणि चिमटा जाळीच्या आत घालू नका, डायफ्रॅम कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा नाजूक असतो.

आणि पॅड काढलेच आहेत तर टेबलावर ठेवून त्यांची उंची बघा. पाच वर्षांत ते चपटे झाले असणार, कान ड्रायव्हरच्या जवळ गेला असणार, आणि नवे होते तेव्हाचा टोन आता राहिला नसणार. नवीन पॅड मागवा. चकतीचा फोम बोटाने दाबल्यावर भुगा होत असेल तर तोही, नाहीतर तोच भुगा पुढच्या महिन्यात जाळीतून आत जाईल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.